कॅशलेस पॉलिसी, आणि तरी खिशातून एक लाख साडेसदतीस हजार

वारणाकाठ (धागाकर्ता)
मंडळी, एक हिशोब समजून घ्यायचाय म्हणून धागा काढतोय.

आई, वय ६८, न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या गावी एका बड्या खासगी हॉस्पिटलात नेलं, बॉल बदलण्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून परसदारापर्यंत जाते, तिथून सुनेला फोडणी कधी घालायची ते सांगते. म्हणजे तब्येत उत्तम. दुखणं बिलाचं आहे.

पॉलिसी तीन लाखांची, कॅशलेस. बिल झालं २,६२,०००. तीन लाखांच्या आत आहे म्हणून घरात सगळे निर्धास्त. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी सकाळीच घरी जायला सांगितलं. विमा कंपनीचं फायनल अप्रूव्हल आलं ते दिवेलागणीला. बिलिंगच्या काचेमागून कागद सरकवला गेला: कंपनी देणार १,२४,५००. उरलेले १,३७,५०० भरा, मग गेटपास.

कागदावर असं आहे:
खोली, ६ दिवस, रोज ६,००० प्रमाणे: ३६,०००. मंजूर १८,०००.
सर्जन, भूल, व्हिजिट, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग: १,२०,०००. मंजूर ६०,०००.
इम्प्लांट: ४८,०००. मंजूर २४,०००.
औषधं आणि किरकोळ सामान: ४१,०००. यातले १३,००० थेट नामंजूर, राहिलेल्या २८,००० पैकी मंजूर १४,०००.
तपासण्या: १७,०००. मंजूर ८,५००.

सगळंच निम्मं कसं काय? टीपीए डेस्कवरचा, म्हणजे विम्याचे क्लेम बघणारा, पोरगा एवढंच म्हणाला, "सर, रूम रेंटचं प्रपोर्शनेट लागलंय." त्या वेळी समजून घ्यायला डोकं ठिकाणावर नव्हतं. भावाने एफडी मोडली, बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या आणि आईला घरी आणलं. आता शांतपणे विचारतोय. हे बरोबर आहे का?

पॉलिसीवाला_काका
आईंना लवकर बरं वाटो. मी विमा एजंट आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का असणार. तीन लाखांचा एक टक्का म्हणजे दिवसाला ३,०००. तुम्ही घेतली ६,००० ची. लोकांना वाटतं, वरचे तीन-तीन हजार आपण भरू, सहा दिवसांचे अठरा हजार, विषय संपला. तसं नसतं. हॉस्पिटलात खोलीचा दर्जा बदलला की सर्जनची फी, ओटीचं भाडं, रोजची व्हिजिट, सगळ्याचा दर बदलतो. तेच ऑपरेशन, तोच सर्जन, तेच टेबल; जनरल वॉर्डच्या पेशंटला एक दर आणि डीलक्सवाल्याला दुसरा. म्हणून कंपनी म्हणते, खोलीला आम्ही निम्मे देतो तर खोलीला जोडलेल्या खर्चालाही निम्मेच. यालाच प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात.

ते १३,००० म्हणजे ग्लोव्ह्ज, मास्क, डायपर असल्या वस्तू. न मिळणाऱ्या ६८ वस्तूंची यादीच आहे. जास्तीचा हप्ता भरून हे कव्हर घेता येतं, पण घेताना कोणी मागत नाही आणि आमच्यातले बरेच सांगत नाहीत.

तिरकस
म्हणजे सर्जनने उघड्या हाताने ऑपरेशन केलं असतं तर क्लेम पूर्ण पास झाला असता.

बिनधास्त_मावशी
@काका, पॉलिसी विकताना हे का नाही सांगत हो तुम्ही लोक? तेव्हा हातात गुळगुळीत माहितीपत्रक आणि त्यावर हसणारे आजी-आजोबा. एक टक्क्याची ओळ एकविसाव्या पानावर.

आणि ॲडमिशनच्या वेळी काय होतं तेही लिहिते. माणूस स्ट्रेचरवर कण्हत असतो. काउंटरवर विचारतात, "जनरल, ट्विन शेअरिंग, सिंगल, डीलक्स?" दर विचारला तर खोलीचा सांगतात. खोलीबरोबर बाकीचं काय काय चढणार ते कुणी बोलत नाही. त्यात सोबतचे चार नातेवाईक, "आईला जनरलला ठेवणार का तू?" असं म्हणायला टपलेले. बिल डिस्चार्जला हातात येतं खरं, ते ठरतं त्या पहिल्या पाच मिनिटांत. म्हणून तिथेच विचारायचं: या खोलीत ऑपरेशनचा पूर्ण खर्च किती, जनरलमध्ये किती, दोन्ही लिहून द्या.

पॉलिसीवाला_काका
मावशी, सांगणारेही आहेत हो. पण रूम लिमिट नसलेली पॉलिसी दाखवली की हप्ता ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, "काका, स्वस्तातली बघा."

चष्मिष्ट
थांबा. काकांनी नियम सांगितला, पण कागदावर तो पाळलेला दिसत नाही.

@वारणाकाठ, प्रपोर्शनेट कपात कशावर लावायची याला आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, २०२० मध्येच वेसण घातली आहे. औषधं, वापरून टाकायचं सामान, इम्प्लांट आणि इतर उपकरणं, तपासण्या यांवर ही कपात लावता येत नाही. कारण साधं आहे: सिंगल रूममध्ये झोपलं म्हणून इम्प्लांट महाग होत नाही आणि रक्ताची तपासणी दुप्पट होत नाही. आयसीयूच्या चार्जेसनाही प्रपोर्शनेट लागत नाही.

आता तुमचा कागद बघा. इम्प्लांटचे २४,०००, औषधांचे १४,००० आणि तपासण्यांचे ८,५०० कापलेत. हे ४६,५०० कापायलाच नको होते.

अजून एक मेख. ज्या खर्चाचा दर खोलीनुसार बदलत नाही, त्यावरही कपात लावता येत नाही. हॉस्पिटलचं दरपत्रक मागा. सर्जनची फी किंवा ओटीचा दर सगळ्या खोल्यांना एकच असेल, तर त्या ६०,००० मधलेही काही सुटू शकतात. खोलीचे १८,००० मात्र गेले, ते विसरा.

मार्ग असा: आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स (तक्रार) कक्षाला ईमेल, हेडवार आकडे देऊन. फोनवर बोलू नका, लेखी ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. तुमच्या भागाला पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं.

वारणाकाठ
@चष्मिष्ट, कागद परत काढून बघितला. खाली बारीक अक्षरात सरसकट ५० टक्के लिहिलंय, हेड वेगळे केलेलेच नाहीत. दरपत्रकासाठी उद्या जातो हॉस्पिटलात.

तिरकस
दरपत्रक मागितल्यावर काउंटरवरच्यांचे चेहरे कसे होतात ते इथे जरूर लिहा.

फाईलवाली
दरपत्रक मागणं ही काही उपकाराची गोष्ट नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती झाली. तेव्हापासून रुग्ण हक्कांची सनद आणि १५ प्रकारच्या सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी सनद असते, पण ती कुंडीमागे.

आणि "मग गेटपास" हे जे झालं ना, त्याबद्दल. बिल थकलं म्हणून बऱ्या झालेल्या माणसाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. येणं वसूल करायला हॉस्पिटलला कायदेशीर मार्ग आहेत, माणूस तारण ठेवणं हा त्यातला नाही.

तिसरं, ते हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का बघा. असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची योजना लागू होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानंतर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकावी लागते, ती याच रुग्णांसाठी. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना वर्षाला १,८०,००० आणि दुर्बल घटकांना ३,६०,०००. तातडीच्या रुग्णाकडे आधी डिपॉझिट मागायचं नाही, हेही त्याच योजनेत आहे. ही खाट मागायची तर तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन सोशल वर्करला भेटा. रिसेप्शनवर विचाराल तर "खाट शिल्लक नाही" हे उत्तर तयार असतं.

सातबारा
इतकं सगळं वाचलं, पण पहिला प्रश्न कुणीच विचारला नाही. "योजनेत बसतं का?" आमच्याकडे तालुक्याला ॲम्ब्युलन्समध्ये बसायच्या आधी हेच विचारतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजना. पूर्वी कुटुंबाला दीड लाखाची मर्यादा होती आणि पिवळं-केशरी कार्ड लागायचं. २०२३ मध्ये सरकारने ती पाच लाख केली आणि पांढऱ्या कार्डवाल्यांसकट सगळ्यांना खुली केली. लोकांना अजून वाटतं, ही गरिबांची योजना, आपल्याला कशाला. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, हॉस्पिटलात योजनेचा आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला गाठायचं. ऑपरेशन यादीत आहे का, तो सांगतो. काही ऑपरेशनं फक्त सरकारी दवाखान्यासाठी राखीव आहेत, तेही विचारून घ्यायचं. हेल्पलाइन १५५३८८.

आता अडचणीही सांगतो. भरती होतानाच योजनेत नोंद करावी लागते, कॅशमध्ये भरती होऊन चौथ्या दिवशी योजना आठवली तर खेटे सुरू. दुसरं, योजनेत घेतात आणि हळूच सांगतात, "अमुक इंजेक्शन योजनेत येत नाही, बाहेरून आणा." पॅकेजमध्ये औषधं, तपासण्या, जेवण, घरी जायचं भाडं सगळं धरलेलं असतं. चिठ्ठी दिली तर ती जपून ठेवायची आणि तक्रार करायची. माझ्या चुलत्याच्या वेळी आम्ही चिठ्ठीवर सही-शिक्का द्या म्हणालो, तर इंजेक्शन आतच सापडलं.

@वारणाकाठ, आई सत्तरीच्या झाल्या की आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांच्या मोफत उपचारांचं कार्ड, काढा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आहे, उत्पन्नाची अट नाही.

डॉ_खडूस
आतापर्यंत गप्प होतो. तालुक्याच्या गावी पंधरा खाटांचं नर्सिंग होम चालवतो, दुसरी बाजू लिहितो.

फुले योजनेचं पॅकेज ज्या दराने मिळतं त्यात भूलतज्ज्ञ, ओटी, सामान भागवून हाती काय राहतं ते विचारू नका, आणि तेही पैसे महिनोन्‌महिने लटकतात. विमा कंपन्यांचे आमच्याशी ठरलेले दर जुने, वाढवून मागितले की पॅनेलवरून काढायची भाषा. इकडे फायर ऑडिट, जैविक कचरा, जनरेटरचं डिझेल, व्यापारी दराची वीज. शिकलेली नर्स मिळत नाही, मिळाली तर सहा महिन्यांत शहरात जाते. मग हा खड्डा कुठून भरतो? कॅश पेशंटकडून. ज्याच्याकडे ना योजना ना विमा, त्याच्या डोक्यावर. हे वाईट आहे, पण चाललंय असंच.

कट प्रॅक्टिस आहे का? आहे. रेफर केलेल्या पेशंटमागे पाकीट येतं आणि ते बिलातूनच निघतं. २०१७ मध्ये राज्य सरकारने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा केला होता. तो मसुदाच राहिला.

तिरकस
डॉक्टर, प्रामाणिक लिहिलंत, आवडलं. पण दर बांधायचा विषय निघाला की तुमची संघटना रस्त्यावर येते. २०२० च्या मे महिन्यात करोनात सरकारने खासगी खाटांचे दर ठरवले होते की: साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. हॉस्पिटलं बंद पडली नाहीत.

डॉ_खडूस
बंद पडली नाहीत, कारण पीपीई किट आणि महागडी औषधं त्या दरात नव्हती आणि बिलं तिथे फुगली. एका जागी दाबलं की दुसरीकडे फुगतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटचंच घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधाच्या स्टेंटला २९,६०० ची कमाल किंमत लागली. त्याआधी लाखाच्या वर घेत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याचं इम्प्लांट, दीड लाखाच्या पुढचं ५४,७२० वर आलं. रुग्णांचा फायदा झालाच, नाकारत नाही. पण ॲन्जिओप्लास्टीचं पूर्ण पॅकेज त्या प्रमाणात उतरलं का, ते ज्याने नंतर करून घेतली त्याला विचारा.

चष्मिष्ट
डॉक्टरांच्या मुद्द्याला पुरवणी. फेब्रुवारी २०१८ मध्ये एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, दिल्ली परिसरातल्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली. औषधं, सामान आणि तपासण्या मिळून बिलाच्या ४६ टक्के, आणि काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत. छापील किमतीच्या वर विकायची गरजच नव्हती. छापील किंमतच फुगवून छापून घ्यायची. म्हणून बाहेरच्या दुकानातून औषध आणायचा तुमचा हक्क वापरा.

बिनधास्त_मावशी
आणि ते नको असेल तर सरळ सरकारीत जावं. ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळं मोफत आहे. आमच्या भाचीचं बाळंतपण तिथेच झालं, दोघं ठणठणीत. आपल्या लोकांना एसी आणि टीव्ही पाहिजे, मग बिलावर रडायचं.

गोदाकाठची
मावशी, टीव्हीचं राहू द्या, थोडं वाचा.

माझ्या जावेला स्तनाचा कॅन्सर निघाला. परळला टाटात जनरल कॅटेगरीत नाव घातलं, उपचाराचा बराच खर्च योजनेत बसला. डॉक्टर देवमाणूस. तरी घर खाली बसलंच. कसं ते सांगते.

तिच्यासोबत कुणीतरी पाहिजे. नवरा गेला तर दुधाची म्हैस कोण बघणार, मी गेले तर माझी कापूस वेचणी बुडते. देवगिरीनं रातभर, कधी रिझर्वेशन, कधी डब्यात दाराशी बसून. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. त्याआधी हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर ताडपत्रीत राहिलेली माणसं बघितली होती, उशाला एक्स-रेची मोठी पिशवी. केमो झाल्यावर तिला गर्दीत नेता येत नाही, मग टॅक्सी. पांढऱ्या पेशी कमी आल्या तर केमो पुढे ढकलतात, म्हणजे आणखी आठ दिवस मुंबईत. दोघींचं खाणं, नारळपाणी, तिकडचा खर्च, इकडे घरी पोरांना कुणाच्या तरी दारात ठेवलेलं.

पहिल्यांदा म्हैस गेली. मग हातउसने. मग तिचं डोरलं घेऊन पतसंस्थेत. सोनं बघणाऱ्या माणसानं काळ्या मण्यांचं वजन वजा केलं, वाट्या दगडावर घासल्या आणि आकडा सांगितला. ती शेजारी बसलेली, डोक्याला रुमाल बांधून. म्हणाली, "मणी तरी परत द्या, दोऱ्यात ओवून घालीन." मणी दिले त्यांनी.

बिल किती झालं म्हणाल तर फाईलमध्ये फार नाही. बाकीचा खर्च कुठल्या कागदावर लिहायचा?

बिनधास्त_मावशी
@गोदाकाठची, एसी-टीव्हीचं वाक्य मागे घेते. जाऊबाई कशा आहेत आता?

गोदाकाठची
बऱ्या आहेत. केस आलेत. तपासणीला जावं लागतं अधूनमधून.

तिरकस
सरकारी आकडेवारीत देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला खिशातून होणारा वाटा २०१४-१५ मध्ये ६२.६ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. म्हैस त्यात कुठे धरलीय?

चष्मिष्ट
नाही धरत. बुडालेली मजुरीही नाही.

सावंतवाडीकर
आमचो वेगळोच प्रकार. सिंधुदुर्गातून मोठं काही झालं की गाडी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला. मुंबई-कोल्हापूर लांब आणि जिल्ह्यात तज्ज्ञ नाहीत. बरीच वर्षं तिथे आम्हालाही फुकट होतं. २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना शुल्क लावलं. आंदोलनं झाली, मग फुले योजनेतून तिथे उपचार मिळायची सोय निघाली. गोव्याचं म्हणणंही चूक नाही, कर त्यांचा आणि खाटा त्यांच्या. पण अपघातातला माणूस बांद्याची हद्द ओलांडताना आधार कार्ड कुणाच्या खिशात आहे ते बघावं लागतं, ही गोष्ट पचत नाही. सिंधुदुर्गात हृदयरोगाचा डॉक्टर चोवीस तास बसवा, मग बघू कोण जातो बांबोळीला.

पॉलिसीवाला_काका
अवांतर, पण उपयोगी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. त्या वाचलेल्या पैशात रूम लिमिट नसलेल्या पॉलिसीत बदल होतो का बघा. पोर्ट करताना, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेताना, जुन्या आजारांचा काढलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. आणि ज्येष्ठांचा हप्ता नियामकाला न विचारता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, हे जानेवारी २०२५ पासून. एजंट असून सांगतोय, कमिशन कमी झालं तरी चालेल.

तिरकस
काका, शेवटचं वाक्य प्रिंट काढून ठेवतो.

वारणाकाठ
अपडेट. दरपत्रक मिळालं, पण "ते साहेबांकडे असतं", "साहेब मीटिंगमध्ये आहेत" वगैरे झाल्यावर. फाईलवाली यांनी सांगितलेल्या २०२१ च्या नियमाचं नाव घेतलं तेव्हा कपाटातून निघालं. @तिरकस, चेहरे बघण्यासारखे होते.

त्यात सर्जन, ओटी आणि व्हिजिटचे दर खोलीनुसार वेगळे आहेत, भूलतज्ज्ञाची फी मात्र सगळ्यांना एकच. तिच्यावरही ५० टक्के कापलेत. चष्मिष्ट म्हणतात तसा हेडवार तक्ता करून कंपनीला ईमेल टाकला: इम्प्लांट, औषधं, तपासण्या मिळून ४६,५०० आणि भूलतज्ज्ञाच्या फीतली कपात वेगळी. पोचपावती आली आहे. आज फोनही आला, "सर, क्लेम सेटल झालाय, फाईल क्लोज आहे." म्हटलं, हेच लेखी पाठवा. बाई दोन सेकंद गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "रिव्ह्यूला टाकते."

चष्मिष्ट
छान. पोचपावतीची तारीख लिहून ठेवा, ३० दिवस तिथून मोजायचे. आणि भूलतज्ज्ञाची फी डिस्चार्ज बिलात वेगळी दाखवलीय ना? सर्जनच्या पॅकेजमध्ये मिसळली असेल तर हॉस्पिटलकडून फोड करून घ्या, नाहीतर कंपनी तिथेच अडवेल.

वारणाकाठ
मिसळलीय. उद्या परत जातो.